उसने डोळे

माझ्या वडिलांच्या फोटोतले डोळे वडिलांचे नाहीत, हे मला लहानपणीच कळलं होतं. धर्मापुरीच्या आमच्या किराणा दुकानात, गल्ल्याच्या वर, तो फोटो टांगलेला असायचा. कपाळावर विभूतीचे पट्टे, ताठ मान, आणि समोर रोखलेले टपोरे डोळे. मी चोरून गुळाचा खडा तोंडात टाकला की ते डोळे नेमके माझ्यावर यायचे. एकदा मी आईला विचारलं, बाबा एवढे रागीट होते का. आई तूर पाखडत होती. रागीट नव्हते, आणि ते डोळेही त्यांचे नव्हते, एवढं सांगून तिने पुन्हा सूप हलवायला घेतलं.

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालून, विभूती लावून भिंतीला टेकवून ताठ बसवायचं, भोवती घरच्यांनी बसायचं आणि बसल्या स्थितीतच समाधी द्यायची. माझे वडील गुरुलिंग गेले तेव्हा तिशीचेही नव्हते आणि मी दोन वर्षांची होते. जिवंतपणीचा त्यांचा एकही फोटो नव्हता. म्हणून परळीहून फोटोवाला बोलावला, आणि त्याने वडिलांसह सगळ्या घराचा एक फोटो काढला. पुढे त्यातून एकट्या वडिलांना मोठं केलं आणि मिटल्या पापण्यांवर कुंचल्याने उघडे डोळे रंगवले. तेव्हा अशी रीतच होती. लोकांना वाटायचं, भिंतीवरच्या माणसाने आपल्याकडे बघावं.

त्या दिवशी आईच्या तोंडासमोर फ्लॅशचा भला मोठा बल्ब फुटल्यासारखा पेटला होता. तेव्हापासून तिच्या डोळ्यांनी कॅमेऱ्याशी कट्टीच घेतली. कुणी कॅमेरा वर केला की लखलखाट व्हायच्या आधीच तिच्या पापण्या पडायच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर उजेडाचं आणि तिचं अजिबातच जमेना. ओळखपत्रावर ती डोळे मिटून आहे, माझ्या लग्नाच्या फोटोत डोळे मिटून आहे, नातवंडाच्या बारशातही डोळे मिटून. आम्ही हसायचो. नीलाबाईंची समाधी लागली, असं माझे यजमान म्हणायचे, आणि आईही हसायची.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याचं, संगमेशचं लग्न झालं. अल्बम आला तेव्हा मी तो घेऊन धर्मापुरीला गेले. आईने चष्मा पुसून एकेक पान सावकाश बघितलं. सगळ्यांत ती होती आणि सगळ्यांत तिचे डोळे मिटलेले होते. या वेळी ती हसली नाही. अल्बम मिटून तिने मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मी गेल्यावर मला बी बसवतील, रुद्रे. फोटो काढतील. आन् कुनीतरी बाप्या येऊन माझ्या तोंडावर दुसऱ्याचेच डोळे रंगवील. तेवढं होऊ देऊ नको बग."

मी म्हटलं, असं काही बोलू नकोस, आणि लगेच म्हटलं, मी काढून आणते फोटो. ती म्हणाली की फोटोवाला दारात नको. काढायचा तर मी काढायचा.

म्हणजे आधी कॅमेरा घेणं आलं. परळीला घरी येऊन मी हे सांगितलं आणि मोठीच चूक केली, कारण माझे यजमान, योगीराज, अशी संधी सोडणाऱ्यांतले नाहीत. आमचं भांड्यांचं दुकान आहे, पण या माणसाला पातेल्यापेक्षा मिक्सरच्या आतल्या मोटरमध्ये जास्त रस. त्या दिवसांत जो तो काहीतरी नवीन घेत होता. कुणाकडे मोबाइल आला, कुणाकडे वॉशिंग मशीन. यजमानांनी पुण्याच्या मित्राकडून डिजिटल कॅमेऱ्यांची रंगीत पत्रकं मागवली आणि जेवणाच्या ताटाशेजारी पसरली. मेगापिक्सल किती, झूम किती, व्हिडिओ किती वेळ निघतो. शेजारपाजारचेही सल्ला द्यायला येऊ लागले. ज्याने जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता तोही सांगायचा की जपानी घ्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं.

मी एकच विचारत होते. यातल्या कुठल्या कॅमेऱ्याने माझ्या आईचे डोळे उघडे येतील? ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

शेवटी यजमान म्हणाले, मोहनरावांना विचारू. मोहनराव म्हणजे परळीच्या बाजारातल्या जुन्या फोटो स्टुडिओचे मालक. वडिलांचा तो फोटो यांनीच, विशी-बाविशीत असताना काढला होता, आणि डोळेही यांनीच रंगवले होते. आई कधी परळीला आली तर त्या गल्लीतून जायचं टाळायची. पण मोतीबिंदूसारखाच रागसुद्धा कधीतरी काढावा लागतो, असं म्हणून मी यजमानांबरोबर निघाले.

मोहनराव भयंकर मिजासखोर माणूस. केस काळेभोर रंगवलेले, सफारीच्या खिशात दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याकडे नाही तर समोरच्या आरशाकडे बघणार. डिजिटल म्हणजे पोराटोरांचं खेळणं, हे त्यांनी आधीच जाहीर केलं. पी हळद आणि हो गोरी, असं कुठं फोटोचं असतं का, म्हणाले. मी आईचं सगळं सांगितलं तेव्हा मात्र ते आरशातून बाहेर आले.

त्यांनी सरळ समजावून सांगितलं. फ्लॅश हाताने बंद करता आला पाहिजे, आणि एकदा बंद केला की पुन्हा आपल्या मनाने पेटता कामा नये. फ्लॅश नाही म्हणजे उजेड कमी, म्हणून भिंग जास्त उघडणारं हवं, आणि भिंगामागचा पडदा, म्हणजे शटर, किती वेळ उघडा ठेवायचा तेही आपल्या हातात हवं. वरच्या चकतीवर 'एम', म्हणजे मॅन्युअल, हे अक्षर असेल तोच घ्यायचा. आणि कॅमेरा लहान हवा, कारण मोठं धूड समोर आलं की नीलाबाई आधीच डोळे मिटणार. फिल्मचा नको, कारण पापणी पडली की नाही हे धुतल्याशिवाय कळत नाही. डिजिटलच्या खेळण्यात हा एक गुण आहे, हे त्यांनी नाइलाजाने कबूल केलं.

सगळं पटलं होतं. निघता निघता मी विचारायला नको होतं ते विचारलं. माझ्या वडिलांचे डोळे कुणाला विचारून काढले होते?

मोहनराव काउंटरवरची काच पुसू लागले. म्हणाले, "कुनाला इचारनार? घरात कुनी बोलायच्या हालतीत नव्हतं. तुमच्या आईला दोनदा इचारलं, त्या नुसत्या बघत ऱ्हायल्या. मी तर तुमच्या वडलांना जित्ता कवा बघितलाच न्हाई. मग समोर आरसा ठिवला अन् माझेच काढले."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. टपोरे, जरा रोखलेले, डाव्या कोपऱ्यात किंचित वर गेलेले. इतकी वर्षं ज्या डोळ्यांसमोर मी गूळ चोरला, अभ्यास केला, ज्यांना नमस्कार करून सासरी आले, ते डोळे स्टुडिओत बसून लोकांचे पासपोर्ट फोटो काढत होते. माझ्या नाकावरचा राग माहेरी आणि सासरी दोन्हीकडे प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मी तो मोहनरावांवर काढला नाही. घरापर्यंत मी यजमानांशी बोलले नाही, जणू ते डोळे त्यांनीच रंगवले होते.

तरीही कॅमेरा घ्यायला बीडला जाताना मोहनराव जीपमध्ये आमच्याआधी येऊन बसले. खिडकीची जागा धरून, नवीन सफारी घालून. मी तोंड फिरवून बसले. पण नको म्हणाले नाही, कारण आईला दिलेला शब्द माझ्या रागापेक्षा मोठा होता.

बीडच्या त्या दुकानात तीन कॅमेरे होते. पहिला चांदीच्या विभूतीच्या डबीसारखा पातळ, चकचकीत. दुकानदार तोच पुढे सरकवत होता. म्हणाला, ताई, बटन दाबायचं, बाकी सगळं आपोआप, तुम्हाला डोक्याला ताप नाही. दुसऱ्याचं झूम एवढं लांब की खंडोबाच्या दीपमाळेवरचं पाखरू दिसेल. यजमानांचा जीव त्याच्यात अडकला. तिसरा काळा, बुटका, जाडसर, मागे बटणंच बटणं आणि वर चकती. दुकानदार म्हणाला, हा कुणी घेत नाही, याला शिकावं लागतं.

मी दुकानात इकडेतिकडे बघितलं. मागच्या बाजूला अंधाऱ्या कोनाड्यात गणपतीची तसबीर होती आणि तिच्यापुढे समई. मी म्हटलं, तिथला फोटो काढून दाखवा, फ्लॅश न लावता.

पातळ कॅमेऱ्याने पहिल्याच झटक्यात फ्लॅश मारला. बंद केला तर समई नुसती पिवळी रेघ आली आणि गणपती वितळला. झूमवाल्यात गणपती आला पण वाळूच्या कणांनी भरलेला. मग मोहनरावांनी तिसरा हातात घेतला. चकती 'एम'वर नेली आणि बटणांवर अडले. ते त्यांना समजेना आणि विचारण्याची सवय नव्हती. यजमान पुढे झाले, त्यांनी पत्रक तोंडपाठ केलं होतं. एक सांगत होता भिंग किती उघडायचं, दुसरा कुठलं बटण ते दाखवत होता. मी काउंटरवर कोपर टेकवून श्वास धरला आणि दाबलं.

मागच्या छोट्या पडद्यावर समईची ज्योत ज्योतीसारखी आली. गणपतीच्या सोंडेवरचं कुंकू दिसलं आणि डोळेसुद्धा दिसले.

मी म्हटलं, हाच. यजमानांनी झूमवाल्याकडे एकदा निरोपाचं बघितलं आणि मान डोलावली. मोहनराव दुकानदाराला सांगत होते की हा आपणच निवडला. मी त्यांना म्हणू दिलं.

मग मी शिकले. महिनाभर आमच्या घरातलं काहीही माझ्यापासून वाचलं नाही. देव्हारा, दुधाचं पातेलं, झोपलेले यजमान. पडदा जास्त वेळ उघडा ठेवला की हात हलायचा, कमी ठेवला की काळोख. यजमान पुस्तिका वाचून दाखवायचे आणि मी त्यांच्यावर चिडायचे. तरी हळूहळू जमू लागलं. उजेड कुठून येतो हे मी बघायला लागले. चाळीस वर्षं डोळे असून मी ते कधी बघितलंच नव्हतं.

श्रावणात आम्ही दोघं धर्मापुरीला गेलो. माजघरात पूर्वेची खिडकी होती. तिच्याजवळ भिंतीला लागून पाट मांडला, मागे पांढरी चादर बांधली, आणि आईला म्हटलं, इथं बस. आई नवं लुगडं नेसून, विभूती लावून आली. मी म्हटलं, पाठ भिंतीला टेकव. मान सरळ. हलू नको. मी सांगेपर्यंत श्वाससुद्धा सोडू नको.

आई बसली. मी कॅमेरा वर केला. आणि ती एकदम उठली.

"मला आत्ताच कावून बसवायलीस?" ती म्हणाली.

मला काही कळेना. मग मी त्या पाटाकडे बघितलं. मागची पांढरी चादर, भिंतीला टेकलेली ताठ पाठ, कपाळावर विभूती, नवं लुगडं, आणि वर मी म्हणतेय की श्वास सोडू नको. दारातून दुकानातला वडिलांचा फोटो दिसत होता. मी माझ्या जिवंत आईला हुबेहूब तसंच मांडलं होतं. यजमानांनी न बोलता चादर सोडली आणि घडी घालून आत नेऊन ठेवली.

मग दुसरे उपाय केले. दळताना, निवडताना, गिऱ्हाइकाशी बोलताना. पण आई काम करते ती सपाट्याने, आणि फ्लॅश नसला की सपाट्याने चालणारी बाई फोटोत धुराची उतरते. थांब म्हटलं की ती थांबायची नाही, आणि थांबली की डोळे मिटायची. त्यात कॅमेरा फोकसचा नेम धरताना त्याच्यावरचा एक नारिंगी दिवा लुकलुकायचा. तो बघूनच तिच्या पापण्या पडायच्या. दोन दिवस असे गेले. आईच मला समजावू लागली, जाऊ दे, रुद्रे, ज्याच्या त्याच्या नशिबात ऱ्हातं. मला रडू आलं आणि मी ते यजमानांवर काढलं, की तुमच्या त्या पुस्तिकेत एवढीशी गोष्टही लिहिलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन माजघरात आले आणि दारातच थांबले.

आई पूर्वेच्या खिडकीत पूजेला बसली होती. गळ्यातल्या डबीतून काढलेलं इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर होतं, त्यावर बेलाचं पान. आमच्यात ही पूजा रोज, जिथं असू तिथं. लिंग तळहातावर घ्यायचं आणि पापणी न हलवता त्याच्याकडे बघत राहायचं. मी जन्मापासून हे बघत आले होते, म्हणून कधी बघितलंच नव्हतं. आई बसली होती आणि हलत नव्हती. डोळे उघडे, शांत, भरलेले. पाठ कशालाही टेकलेली नव्हती. जगातली सगळ्यांत जिवंत बाई वाटली ती मला.

चहा निवला. पूजा झाल्यावर मी तिला विचारलं, उद्या या वेळी काढू का. न विचारता काढणं मला जमलं नसतं. आईने डबी गळ्यात नीट सारली. म्हणाली, लिंगाचा काढायचा नाही, तो दाखवायचा नसतो. आणि आवाज नको. आणि उजेड तर नकोच.

यजमान दिवसभर पुस्तिका घेऊन ओसरीवर बसले. मी त्यांना एवढं बोलले होते तरी. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि कॅमेरा हातात दिला. टिकटिक बंद केली होती. नारिंगी दिवाही बंद केला होता, तो बंद करायची जागा यादीच्या पार तळाशी होती. आता फोकसचा नेम हाताने धरावा लागेल, म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, भांडण न करता, त्यांचे आभार मानले. ते इतके घाबरले की विचारू लागले, बरं आहे ना तुला.

दुसऱ्या दिवशी मी आईसमोर जमिनीवर बसले. कोपरं गुडघ्यांवर, कॅमेरा छातीशी. भिंग पूर्ण उघडं. नेम तिच्या कपाळावर धरला, मग डोळ्यांवर आणला. खिडकीतून येणारा उजेड तिच्या गालावर आला, आणि तिचा तळहात मी चौकटीबाहेर ठेवला. पहिला फोटो काढला. दुसरा. कसलाही आवाज झाला नाही. तिच्या लक्षातही आलं नसेल असं मला वाटलं.

पूजा संपली. आईने लिंग कपाळाला लावलं, डबीत ठेवलं. आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं मी तिथं बसलेय. तिने कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मी दाबलं.

पडद्यावरचं ते इवलंसं चित्र मी तिच्या चष्म्याजवळ नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ही मी हाय." मग पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. म्हणाली, म्हातारी झाली बाई ही, पण हाय ती मीच.

ती म्हणाली, दे तो इकडे. कुठं दाबायचं ते तिने विचारून घेतलं आणि माझ्यावर नेम धरला. सगळं तसंच होतं, भिंग उघडं, दिवा बंद, खिडकीचा उजेड. फक्त आता उजेडाकडे माझं तोंड होतं. मी तिच्याकडे बघत होते. तिचे दोन्ही हात कॅमेऱ्याभोवती होते, आणि तांदूळ मोजताना धरते तसा श्वास तिने धरला होता.

फोटो तिने चष्म्याजवळ नेला, मग लांब धरला. मला वाटलं हलला असेल. मी वाकून बघितलं. हलला नव्हता.

"हे त्यांचे डोळे," आई म्हणाली. "असंच बघायचे माझ्याकडं. मला कदी सांगताच आलं न्हाई कुनाला, कसे व्हते ते. हे बग, असे व्हते."

मी त्या पडद्यात बघितलं. लहानसे, जरा खोल, कोपऱ्यात हसू धरून ठेवलेले. आरशात मी हे रोज बघते आणि मला ते कधीच विशेष वाटले नव्हते. वडिलांसारखी मी कुठं दिसते, हे मी लहानपणी त्या फोटोसमोर उभी राहून शोधायचे. काहीच जुळायचं नाही. जुळणार तरी कसं.

मग मात्र माझा राग उसळला. आईला मी सगळं सांगून टाकलं. कॅमेरा कुणी निवडायला मदत केली ते, आणि भिंतीवरचे डोळे कुणाचे आहेत तेही. मी म्हटलं, आता तो फोटो उतरवू. माझा घेऊन त्यावरून दुसरे डोळे काढून घेऊ, त्यालाच काढायला लावू.

आई उठून दुकानात गेली. गल्ल्याजवळ उभी राहून तिने वर बघितलं. मी तिच्या मागे उभी राहिले. तिला राग येईल असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर यावा असंही वाटत होतं.

"त्यानं सोताचे दिले व्हय," ती म्हणाली. "पोरगं व्हतं ते बी. कुनाचे तरी काढून मोकळा झाला असता. सोताचे डोळे कोन कुनाच्या घरात ठिवून जातं, रुद्रे? चाळीस वर्सं त्यायनं आपलं दुकान राखलं. तुला उघड्या डोळ्यांचा बाप दाखिवला. ऱ्हाऊ दे ते तिथंच."

तिने फोटोवरचा हार सरळ केला. मग गिऱ्हाईक आलं आणि ती साखर तोलायला बसली.

परळीला आल्यावर मी दोन्ही फोटो छापायला मोहनरावांकडेच नेले. डिजिटलचं छापण्याचं यंत्र त्यांनी नुकतंच आणलं होतं, खेळणं म्हणत म्हणत. आईचा फोटो त्यांनी भिंगातून पाहिला आणि नुसतंच हं केलं. एवढं थोडं ते कशाबद्दलही बोललेले मी पाहिलेले नाहीत. मग माझा घेतला. मी त्यांना सांगितलं, हे माझ्या वडिलांचे डोळे, आई म्हणते.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. आतल्या खोलीत गेले आणि एक जुना, पिवळा पडलेला फोटो घेऊन आले. त्या दिवशीचा मूळ फोटो, सगळ्या घराचा. मध्ये वडील बसवलेले. शेजारी आई, डोळे मिटलेली. आणि तिच्या मांडीवर एक झिपरी पोर, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी. लहानसे, खोल डोळे, उघडे. त्या तिघांत तेवढेच उघडे होते.

"मी रातभर आरशात बघत बसलो," मोहनराव म्हणाले, "अन् हे हितं मांडीवर व्हते."

मी आईचं म्हणणं त्यांना सांगितलं, शब्दाला शब्द. तो फोटो तिथंच राहणार, हेही सांगितलं. आणि म्हटलं, तुमच्या डोळ्यांसमोर मी वाढले, मोहनराव. तुमचे आभार मानायचे राहिले होते.

मोहनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सवयीने आरशाकडे वळले. थोडा वेळ ते स्वतःकडे बघत राहिले.

"तवा लई चांगले व्हते बरं का," ते म्हणाले, आणि आईचा फोटो छापायला आत गेले.